बार उडाल्यानंतर

साखरखेर्ड्याची लढाई 11 ऑक्टोबर 1724 रोजी झाली. काही मराठी ग्रंथांत तीच तारीख 30 सप्टेंबर म्हणून सापडते. जुन्या आणि नव्या इंग्रजी पंचांगांत त्या काळी अकरा दिवसांचं अंतर होतं, त्याचा हा परिणाम. आपल्या पंचांगाने तो आश्विनाचा वद्य पक्ष होता. दसरा उलटून गेला होता आणि दिवाळी तोंडावर आली होती. एका बाजूला दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत परतलेला निजामुल्मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान. मुबारिजखानाला मुहम्मदशाह बादशहाची आतून फूस होती, निजामाला बाजीराव पेशव्याची साथ होती. लढाई संपली तेव्हा मुबारिजखान पडला होता, त्याचे दोन मुलगेही पडले होते. निजामाने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. पुढच्याच वर्षी बादशहाला त्याला आसफजाह ही पदवी द्यावी लागली आणि हैदराबादची गादी उभी राहिली.

इतिहासाच्या पुस्तकांत साखरखेर्डा एवढाच येतो. आज बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातलं, पलसिद्धांच्या मठासाठी ओळखलं जाणारं हे गाव अठराव्या शतकातल्या दक्षिणेच्या राजकारणाचा कणा वाकवून गेलं, हे जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. पण लढाईच्या वर्णनांत आणखी एक गोष्ट नेहमी गळते. हजारो बंदुकांचे आणि तोफांचे बार उडाले, धूर बसला, पुढे काय झालं? त्या रात्री जे जिवंत राहिले त्यांच्यापुढे एक काम होतं आणि ते सकाळपर्यंत थांबणारं नव्हतं. नळ्या धुवायच्या होत्या.

काळी दारू ही विलक्षण वस्तू आहे. पाऊण हिस्सा सोरा, उरलेल्यात कोळसा आणि गंधक. हे प्रमाण शतकानुशतकं थोड्याफार फरकाने टिकलं. ती पेटली की तिचा सगळा वायू होतो असं वाटतं, पण तसं होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच उरतो: पोटॅशचे क्षार, थोडं गंधक, न जळलेला कोळसा. त्यातला काही भाग पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला काळ्या राखट थराने चिकटतो. हा थर हवेतलं पाणी ओढून घेतो. कोरड्या हवेत तो कडक पापुद्र्यासारखा राहतो, दमट हवेत काही तासांत ओला होतो, आणि ओल्या क्षाराखाली लोखंड ज्या वेगाने गंजतं ते पाहिल्यावर बंदूक ही किती अल्पायुषी वस्तू आहे ते कळतं. एका रात्रीच्या आळसाने नळीच्या आत गंजाचे खड्डे पडतात. पडलेला खड्डा भरून येत नाही.

यावरचा उपाय अगदी साधा आहे, आणि आजही तोच आहे. पाणी. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. काना, म्हणजे नळीच्या बुडाचं पेटवणीचं भोक, लाकडी खुंटीने बंद करायचा, तोंडाने ऊन पाणी ओतायचं, हलवायचं, टाकून द्यायचं. पहिलं पाणी शाईसारखं येतं आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो, कारण गंधकाचे क्षार पाण्याशी मिळून तो वायू सोडतात. मग गजाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून खाली-वर. चिंधी काळी येते, दुसरी करडी, मग पिवळसर, आणि एक वेळ अशी येते की ती जशी गेली तशीच पांढरी परत येते. त्यानंतर कोरड्या चिंध्या. पाणी ऊन घेण्याचं कारण इथे कळतं: तापलेली नळी स्वतःच आतलं पाणी उडवून टाकते. शेवटी तेलाचा पातळ हात. कान्यात बारीक तार घालून तो मोकळा करायचा, बाजूचा कळेचा भाग सोडवून घासायचा, पुसायचा. हे सगळं करण्याआधी सगळ्यांत महत्त्वाचं काम वेगळंच असतं. गज नळीत सोडून तो तळापर्यंत पोचतो की नाही ते बघायचं. रिकाम्या नळीची खूण गजावर केलेली असते. गज त्या खुणेच्या वर अडकला तर आत बार भरलेला आहे. तोंडाने भरायच्या बंदुकीत आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे या खुणेवर जीव अवलंबून असतो.

हे काम मोठ्या फौजेत किती अवजड होत असेल याची एक झलक अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त मिळते. पूर्वी एक दणकट माणूस लोखंडी हत्यारांनी बराच वेळ झटायचा तेव्हा एक नळी साफ व्हायची, असं तो सांगतो. अकबराने यासाठी एक चाक बनवून घेतलं, ते गुरं जुंपून फिरवायचे आणि त्यावर सोळा नळ्या एकाच वेळी साफ व्हायच्या. बादशहाच्या पराक्रमांच्या ग्रंथात नळ्या घासण्याच्या चाकाला जागा मिळाली, हे अबुल फजलच्या नजरेचं मोठेपण मानायला हवं. चितोडच्या वेढ्यात अकबराने जयमलवर चालवलेली 'संग्राम' नावाची बंदूक सगळ्यांना माहीत असते. ती 'संग्राम' दुसऱ्या दिवशी कोणी धुतली, हे विचारण्याची रीत नाही.

मराठीत हा विषय याहून आपुलकीने आला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' 1715 च्या सुमाराचं, म्हणजे साखरखेर्ड्याच्या लढाईच्या जेमतेम नऊ वर्षं आधीचं. त्यात राजनीती आहे, गडकोटांचं महत्त्व आहे, टोपीकरांविषयीचा इशारा आहे, आणि त्याच गंभीर सुरात दारूगोळ्याची निगा कशी राखावी हेही आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः जाऊन दारू, बाण, हुक्के बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, कान्यात मेण भरावं, वर आच्छादन घालावं. राज्य चालवण्याचं शास्त्र सांगणारा माणूस तोफेच्या कान्यात मेण भरायला सांगतो आणि त्यासाठी वेगळी प्रस्तावना करत नाही. अमात्यांनी शिवछत्रपतींपासूनचा काळ पाहिला होता, जिंजीच्या धावपळीच्या दिवसांत राज्याचा भार वाहिला होता. सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत लोखंडाचं काय करतो हे त्यांनी कागदावर शिकलेलं नव्हतं. तेल आणि मेण ही जोडीही पाहण्यासारखी आहे. काळ्या दारूच्या उरलेल्या थरात खनिज तेल मिसळलं तर पुढच्या बाराला त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. मधमाशीचं मेण आणि वनस्पतीचं तेल किंवा चरबी यांनी तसं होत नाही. आज जगभर ठासणीच्या बंदुका चालवणारे लोक हौसेने मेण-तेलाचंच मिश्रण करून वापरतात.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुसून, मांडून, त्यांना फुलं वाहतात. पूजेचा भाग आता उरला आहे, पण त्यामागे वर्षातून एकदा तरी प्रत्येक हत्यार बाहेर निघालं पाहिजे, उजेडात आलं पाहिजे, त्यावर हात फिरला पाहिजे, हा व्यवहार होता. पावसाळा संपलेला, मोहिमा सुरू होणार, आणि चार महिन्यांचा दमटपणा नळ्यांत बसलेला. हे दिवस नेमके कशासाठी ठरले असतील ते शिकलगारांना विचारावं लागलं नसतं. साखरखेर्ड्याच्या मैदानात आलेल्या मराठी सैनिकांची हत्यारं अशी पुसून जेमतेम दोन आठवडे झाले होते.

त्या मैदानातल्या हातबंदुका बहुतेक तोड्याच्या होत्या. सुताची जाड दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, तिचं टोक सतत धुमसतं ठेवायचं. चाप ओढला की ते टोक रंजकाच्या, म्हणजे पेटवणीच्या दारूच्या, वाटीत टेकायचं. हिंदुस्थानी तोड्याची बंदूक लांब नळीची, जड आणि टिकाऊ असे. तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतं. मात्र पाऊस आला की ती मुकी व्हायची, रात्री तिचं लुकलुकणारं टोक शत्रूला ठिकाण सांगायचं, आणि दारूच्या पेटाऱ्याजवळ हजार माणसं पेटत्या दोऱ्या घेऊन वावरत असायची.

चकमकी बंदूक आली आणि हे चित्र पालटलं. घोड्याच्या जबड्यात कातड्यात धरलेली गार, समोर उभी पोलादी पट्टी. चाप ओढला की गार पट्टीवर घासत खाली येते, पट्टी पुढे सरकून रंजकाची वाटी उघडते, आणि ठिणग्या त्या उघड्या वाटीत पडतात. ठिणगी गारेतून निघते असं आपण म्हणतो, पण जळतं ते पोलाद. गारेची धार पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढते आणि ते घर्षणाने तापून हवेत पेटतात. म्हणून गारेला धार हवी, पट्टीला योग्य पाणी दिलेलं हवं, आणि दोन्ही कोरडे, स्वच्छ, तेलाचा थेंबही नसलेले हवेत. नळीला तेल आणि पट्टीला कोरडेपणा, अशा दोन उलट गरजा एकाच बंदुकीत नांदतात. इंग्रज शिपायाच्या पट्ट्याला म्हणूनच एक तारेची सुई आणि एक छोटा कुंचला टांगलेला असायचा, काना टोचायला आणि वाटी झाडायला. चित्रांत लाल डगला दिसतो, तो कुंचला शोधावा लागतो.

इंग्लंडात या गारा सफोकमधल्या ब्रँडन गावाहून येत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गारा फोडणारी घराणी होती. बुलढाण्याच्या माणसाला गार ओळखायला ब्रँडनपर्यंत जावं लागत नाही. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे, आणि त्या पाषाणाच्या पोकळ्यांत चाल्सिडोनी, अकीक, स्फटिक भरलेले आहेत. नांगरटीनंतर वावरात पांढऱ्या-राखी गारगोट्या वर येतात त्या याच. ब्रँडनची गार आणि ही चाल्सिडोनी एकाच कुळातल्या, दोन्ही अतिसूक्ष्म कणांची सिलिका. याच चाल्सिडोनीची पाती काढून तीन हजार वर्षांपूर्वी नेवासे आणि इनामगावच्या शेतकऱ्यांनी आपली हत्यारं केली. धारेसाठी या दगडावर विसंबण्याची सवय दख्खनला बंदुकीच्या फार आधीपासून आहे.

चकमकी बंदूक मोठ्या संख्येने दक्षिणेत आली ती फ्रेंच आणि इंग्रज कवायतीबरोबर. फ्रेंच सेनानी बुसीने हैदराबादेत निजामाच्या पदरी पलटणी शिकवल्या. त्याच शाळेत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांकडे आला आणि 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर आपल्या पलटणींसह उभा राहिला. महादजी शिंद्यांनी 1784 नंतर द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली नव्या पलटणी उभारल्या आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा-बंदुकांचा कारखाना चालवला. तिथली हत्यारं विलायती मालाच्या तोडीची होती. 23 सप्टेंबर 1803 रोजी, साखरखेर्ड्यापासून पश्चिमेला थोड्याच मजलांवर, असईला शिंद्यांच्या या पलटणी इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभ्या ठाकल्या. त्यांच्या नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, पण त्यापायी इंग्रजांच्या बाजूची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. नोव्हेंबरच्या 29 तारखेला अकोल्याकडच्या अडगावला दुसरी लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला. अवघ्या ऐंशी वर्षांत वऱ्हाडच्या मातीने तोड्याच्या बंदुकीपासून चकमकीपर्यंतचा सगळा प्रवास पाहिला.

वेलस्लीच्या शिपायांच्या हातातल्या बंदुकीचं नाव इंडिया पॅटर्न होतं. ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनलेला हा नमुना फ्रेंच युद्धाच्या घाईत खुद्द इंग्लंडच्या लष्करानेही उचलला. तिच्या नळीचा व्यास 19 मिलीमीटर आणि गोळीचा साडेसतरा. हा दीड मिलीमीटरचा सैलपणा ढिसाळ कारागिरीमुळे आलेला नव्हता. लढाईत दहा-पंधरा बार उडाल्यावर नळीत राखेचा थर इतका चढतो की नेमक्या मापाची गोळी आत जातच नाही. म्हणून गोळी मुद्दाम लहान ठेवली जाई. ती नळीतून धडका खात बाहेर पडे आणि शेवटची धडक ज्या बाजूला बसली त्याच्या उलट बाजूला जाई. शंभर पावलांपलीकडच्या एका माणसाला अशा बंदुकीने टिपणं नशिबाचा भाग होता. म्हणून सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून एकदम बार टाकायचे. युरोपची सगळी कवायत, रांगा, ढोल, हुकूम, हे सगळं शेवटी नळीतल्या राखेशी केलेल्या तडजोडीवर उभं होतं.

रायफलने ही तडजोड नाकारली. तिच्या नळीच्या आत सर्पिल आटे पाडलेले असतात, आणि गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून घट्ट ठासली जाते. चिंधी आट्यांत रुतते, गोळीला फिरकी देते, आणि फिरणारी गोळी आपली दिशा सोडत नाही. इंग्रजांनी 1800 मध्ये बेकर रायफल घेतली: तीस इंचांची नळी, सात आटे, आणि सगळ्या लांबीत त्यांचा जेमतेम पाव फेर. नळीवर राख चढली की गोळी आत घालायला इतका जोर लागे की सुरुवातीला शिपायांना लाकडी हातोड्या दिल्या होत्या. साध्या बंदुकीचे तीन बार होत त्या वेळात रायफलचा एक-दीड. सेनापतींना ती आवडेना, याचं नवल नाही. तिने मागितलेली किंमत वेळेची होती, आणि वेळ हीच वस्तू रणांगणात सगळ्यांत महाग असते.

पण ज्याने ती किंमत दिली त्याला रायफल काय परत देते, ते नेम बसवताना कळतं. कोणतीही नवी, किंवा बराच काळ पडून राहिलेली चकमकी रायफल नेमाच्या बाबतीत अनोळखीच असते. नळीच्या टोकाला माशी, मागच्या बाजूला खाच. खाचेत माशी धरून निशाणावर ठेवली तर गोळी तिथेच जाईल असं कारागीर वचन देत नाही. माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, कारण धातू कानसीने काढता येतो, परत लावता येत नाही. सुरुवात जवळून करायची, वीस-पंचवीस पावलांवरून, बैठक टेकवून. पहिल्या बारांत निशाणाच्या मध्याकडे बघायचं नाही. बघायचं ते छिद्रं एकमेकांपासून किती लांब आहेत ते. पाच गोळ्या निशाणापासून वीतभर बाजूला, पण एकाच रुपयाएवढ्या जागेत गेल्या, तर ती रायफल उत्तम आहे. विखुरलेल्या पाच गोळ्यांपैकी एक अगदी मध्यात लागली, तरी तिचा काही उपयोग नाही. अननुभवी माणूस नेमका इथेच फसतो. त्या एका मध्यातल्या गोळीवर विश्वास ठेवून खाच हलवायला घेतो.

म्हणून आधी पुंजका घट्ट करायचा. दारू दर वेळी तेवढीच, मापाने घेतलेली. चिंधी त्याच कापडाची, त्याच जाडीची. तेल तेवढंच. गज दर वेळी सारख्या दाबाने, खुणेपर्यंत. दारू थोडी वाढवून पाहायची, थोडी कमी करून पाहायची. प्रत्येक नळीला एक माप मानवतं आणि ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पडलेल्या चिंध्या उचलून पाहायच्या: कडेला चिरली असेल तर आट्यांची धार बोचते आहे, मध्ये जळाली असेल तर कापड पातळ आहे किंवा तेल कमी पडतं आहे. रायफल काय म्हणते ते ती या चिंध्यांवर लिहून ठेवते. आणि प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी आणि एक कोरडी चिंधी नळीतून फिरवायची. हे केलं नाही तर तिसऱ्या बाराची नळी पहिल्या बाराची नळी राहत नाही. तिचा व्यास राखेने बदललेला असतो, गोळी जास्त घट्ट बसते, वेग बदलतो, छिद्र वर किंवा खाली सरकतं. माणूस समजतो की आपला हात हलला.

साफ करणं आणि नेम बसवणं ही दोन कामं नसून एकच आहे, ते इथे दिसतं. नेम म्हणजे प्रत्येक बार आधीच्या बारासारखा करणं, आणि ते नळी प्रत्येक वेळी आधीसारखी असल्याशिवाय होत नाही. पुंजका जमला की मगच खाच हलवायची: गोळी ज्या बाजूला जायला हवी त्याच बाजूला खाच सरकवायची, लाकडी ठोकणीने हलक्या हाताने. माशीचं उलट. गोळी खाली लागत असेल तर माशी कानसीने उतरवायची, दोन-तीन घासे, मग परत बार, परत चिंधी. पन्नास पावलं, मग शंभर. संध्याकाळपर्यंत माशी केसभर उतरलेली असते. एवढंच.

चकमकीत आणखी एक परीक्षा आहे, आणि ती बंदुकीची नसून माणसाची आहे. चाप ओढल्यावर घोडा पडतो, ठिणगी उडते, रंजक भडकतं, काना पेटतो, मग आतली दारू. जमलेल्या कळेत हे सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात घडतं, पण त्या अवधीत डोळ्यापासून वीतभरावर एक ज्वाळा उठते. पापणी मिटते, खांदा आकसतो, नळी हलते, आणि गोळी अजून आतच असते. चांगला नेमबाज चाप ओढल्यानंतरही माशीवरून नजर काढत नाही. बार झाला हे त्याला कळलं तरी तो तसाच राहतो. ही सवय लागायला महिने जातात, आणि पुढे जन्मभर ती कुठल्याही बंदुकीला उपयोगी पडते. कधी कधी रंजक नुसतं भडकून विझतं आणि आत काहीच होत नाही. अशा वेळी नळी निशाणाकडेच धरून थांबायचं, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असू शकते. त्या थांबण्याच्या मिनिटात माणसाची घडण दिसते.

ठासणीची बंदूक भारतात अजून कायद्याच्या पुस्तकात जिवंत आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात, खरोखरीच्या पीक संरक्षणासाठी तोंडाने भरायच्या बंदुकीचा परवाना वेगळा नमूद केला आहे. कोकणात आणि गोव्यात अशा परवान्याच्या बंदुका काही घरांत अजून आहेत, बहुतेक टोपीच्या, म्हणजे स्फोटक टोपीने पेटणाऱ्या, क्वचितच चकमकीच्या. वऱ्हाडात प्रश्न तोच आहे, उत्तर वेगळं. रोही आणि रानडुकरं सोयाबीन, तूर, हरभरा रात्रीतून लोळवतात. शेतकरी जागल करतो, फटाके फोडतो, झटका मशीनची तार ओढतो. जनावर मारणं वन्यजीव कायद्याखाली येतं आणि त्याला परवानगी लागते. या कायद्याने शेतकऱ्याचा त्रास संपवलेला नाही, हे कबूल करायला हवं. पण बंदुकांनीही तो संपला नसता. मचाणावर रात्र काढणाऱ्याला एका बारापेक्षा दुसऱ्या दिवशीचा पंचनामा वेळेवर व्हावा याची गरज जास्त असते.

बाकी जगात या बंदुका आता खेळाच्या मैदानावर आहेत. 1971 पासून तोंडाने भरायच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या स्पर्धांमध्ये चकमकी रायफलचा प्रकार आहे, शंभर मीटरवर. जपानच्या तानेगाशिमा बेटाच्या नावाने तोड्याच्या बंदुकीचाही आहे. तीस मिनिटांत तेरा बार टाकायचे, त्यातले उत्तम दहा धरायचे. वेळ मुद्दाम ऐसपैस ठेवलेला आहे, कारण सगळ्यांना मध्ये मध्ये नळी पुसायची असते.

नागपूरच्या अजब बंगल्यात, पुण्याच्या केळकर संग्रहालयात, हैदराबादच्या सालारजंगमध्ये जुन्या बंदुका काचेमागे आहेत. पाहणाऱ्याची नजर दस्त्यावरच्या हस्तिदंताकडे आणि नळीवरच्या सोन्याच्या कोफ्तगिरीकडे जाते. खरं वाचण्यासारखं नळीच्या तोंडाशी असतं. रोज वापरलेल्या बंदुकीची नळी आतून सगळीकडे सारखी झिजत नाही. ती तोंडाशी जास्त झिजते, आणि पुष्कळदा एकाच बाजूला, कारण गज घालणारा हात त्याला दर वेळी त्याच कोनात तिरका धरतो. बाराने जेवढी झीज होते त्याहून अधिक झीज साफ करणाऱ्या लोखंडी गजाने केलेली असते. रायफलच्या बाबतीत हे फार लागतं: गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती जागाच बोथट झाली की पुंजका सुटतो. मग ती कारागिराकडे जाई. तो गजाच्या टोकाला पात्याचे छोटे दाते बसवून जुन्या आट्यांवरून पुन्हा हात फिरवी, आटे खोल करी, मधला भाग घासून गुळगुळीत करी. नळीचा व्यास थोडा वाढे, त्या मापाचा गोळीचा नवा साचा करावा लागे, दारूचं माप बदले, चिंधी जाड घ्यावी लागे. आणि मालक ती घेऊन माळावर जाई, पंचवीस पावलांवर फळी रोवी आणि पहिला बार भरायला बसे.